मदत हवी आहे: एमडी पकडणारं लघवीचं किट कुठलं? तातडीचं

मुग्धा_सांगलीकर (मंगळवार, रात्री ९.१२)
धाकट्या भावाने शनिवारी पार्टीत एमडी (नशेची पावडर) घेतलं, असा त्याच्या रूममेटचा फोन आला. हा म्हणतो काहीच घेतलं नाही. मेडिकलमधून लघवी तपासायचं किट आणलं, निगेटिव्ह आलं. एमडी नक्की पकडेल असं किट कुठलं आणि पुण्यात आत्ता कुठे मिळेल, एवढंच सांगा. 'प्रेमाने बोलून बघा' नको, ते करून झालं. उद्या सकाळी बाबा येतायत, त्याआधी हवं आहे.

रसायन_कट्टा (९.२१)
किटवर कुठकुठल्या पट्ट्या होत्या? टीएचसी, एमओपी, एएमपी, एमईटी, सीओसी, बीझेडओ अशी अक्षरं असतील. रेषा किती आल्या? लघवी नेमकी कधीची?

मुग्धा_सांगलीकर (९.२६)
पाच पट्ट्यांचं होतं. एएमपी होतं त्यात. सगळीकडे दोन-दोन रेषा आल्या. एएमपीची दुसरी रेषा पुसट होती. म्हणजे थोडं पॉझिटिव्ह का?

रसायन_कट्टा (९.३४)
नाही. ही पट्टी गरोदरपणाच्या किटच्या उलट वाचायची. टी (टेस्ट) रेषा दिसली, कितीही पुसट असली, तरी निगेटिव्ह. टी रेषा उमटलीच नाही तर पॉझिटिव्ह. सी (कंट्रोल) रेषा नसेल तर पट्टीच बाद.

आता मूळ अडचण. एमडी म्हणजे मेफेड्रोन, कॅथिनोन गटातलं. एएमपी पट्टीवरची अँटीबॉडी अँफेटामाइनच्या रेणूला धरायला बनवलेली असते. मेफेड्रोनच्या रेणूत एक जादा ऑक्सिजन असतो, त्यामुळे ती अँटीबॉडी त्याला धरेलच याचा भरवसा नाही. म्हणून माणूस एमडीवर असताना पाच पट्ट्यांचं किट निगेटिव्ह येणं ही नेहमीची गोष्ट आहे. उलट सर्दीच्या गोळीतलं स्यूडोएफेड्रिन, रॅनिटिडिन, ब्युप्रोपिऑन यांनी एएमपी खोटं पॉझिटिव्ह येऊ शकतं. मेफेड्रोनची वेगळी पट्टी मिळते, पण गल्लीतल्या मेडिकलमध्ये सहसा नाही. खात्री हवी तर मास स्पेक्ट्रोमेट्रीवर तपासणारी लॅब लागते, आणि नमुना देताना 'मेफेड्रोन' असं नाव लिहून मागावं लागतं. नुसतं 'ड्रग पॅनेल' लिहिलं तर ते पुन्हा तेच पाच तपासतील. लघवीत ते साधारण एक ते तीन दिवस सापडतं.

रात्रपाळी (९.३६)
किट बाजूला ठेवा. ही उत्तरं एकेका ओळीत द्या: वय? आत्ता तुमच्यासमोर आहे का? ताप किती? नाडी मिनिटाला किती? शनिवारपासून झोपलाय का? रोजचं कुठलं औषध चालू आहे? दारू घेतली होती का?

मुग्धा_सांगलीकर (९.४१)
मी किटचं विचारलंय. तब्येतीचं काही नाही, फक्त झोपत नाहीये आणि जेवत नाहीये. २३ वर्षांचा आहे, व्यायाम करणारा आहे.

हिरवा_चाफा (९.४४)
मुलं ड्रग्ज घेतात हे ओळखायच्या खुणा पालकांनी लक्षात ठेवाव्यात: बाहुल्या मोठ्या, जबडा आवळलेला, दात खाणं, नाकातून पाणी किंवा रक्त, घामाला वेगळाच वास, गुंडाळलेल्या नोटा, जुनी एटीएम कार्डं, वजन उतरणं, पैशांची चणचण. शाळेपासूनच लक्ष ठेवायला हवं.

रात्रपाळी (९.४६)
हिरवा_चाफा, ते पुढच्या वेळी. मुग्धाताई, शनिवारपासून न झोपणं ही तब्येतीचीच गोष्ट आहे. थर्मामीटर लावा. नाडी मनगटाला पूर्ण ६० सेकंद मोजा. मग किटवर हवं तेवढं बोलू.

म्हणून_सांगतो (९.५०)
एवढं घाबरायचं कारण नाही. सी व्हिटॅमिन आणि भरपूर लिंबूपाणी द्या. लघवी आम्लधर्मी झाली की अँफेटामाइनसारखी द्रव्यं लवकर बाहेर पडतात, हे औषधशास्त्रात आहे. सोबत अर्धी अल्प्रॅक्स दिली तर शांत झोपेल.

रात्रपाळी (९.५८)
दोन्ही देऊ नका.
आम्लाचं तत्त्व पुस्तकात आहे, पण उपचार म्हणून ते कधीच मागे पडलं. उत्तेजकाने स्नायू तासन्‌तास ताणलेले असतात, त्यांच्या पेशी फुटतात, आतलं मायोग्लोबिन रक्तात उतरतं. लघवी आम्लधर्मी असेल तर हेच मायोग्लोबिन मूत्रपिंडाच्या नळ्यांत साचतं. एमडी बाहेर काढायच्या नादात किडनी घालवाल.
अल्प्रॅक्सच्या गटातलीच औषधं आम्हीही हॉस्पिटलमध्ये वापरतो, पहिली निवड तीच असते. पण ती शिरेतून, थोडी थोडी, ऑक्सिजनची पातळी बघत. पोटात दारू किंवा आणखी काही असेल तर घरी दिलेल्या गोळीने श्वास मंदावतो आणि अंधाऱ्या खोलीत ते कुणाच्या लक्षात येत नाही.
भरपूर पाणीही नको. या गटाच्या द्रव्यांनी शरीर पाणी धरून ठेवतं; वर लिटर-लिटर साधं पाणी दिलं की रक्तातलं सोडियम पडतं आणि झटके येतात. घोट घोट, ओआरएस असेल तर तेच.

म्हणून_सांगतो (१०.०२)
प्रत्येक गोष्टीला हॉस्पिटल! तिथे गेलं की पोलीस येतात, मुलाचं करिअर संपतं. त्यावर कोणी बोलत नाही.

मुग्धा_सांगलीकर (१०.०४)
ताप १०१.६. नाडी १२८, झोपून असताना. पंखा फुल आहे तरी घाम येतोय. पडदे उघडू देत नाही, समोरच्या बिल्डिंगमधून कॅमेरा लावलाय म्हणतो. माझा फोनही हातात घेऊन बघितला. नैराश्याची गोळी चालू आहे एक, फ्लुओक्सेटिन २०, मार्चपासून. याचा काही संबंध आहे का? आणि गादीखाली पुडी सापडली, पांढरट-पिवळट खडे आहेत. डॉक्टरना दाखवायला सोबत नेऊ का?

रात्रपाळी (१०.०९)
आत्ता निघा. १०८ ला फोन करा, नाहीतर गाडीने. जवळचं कुठलंही, अतिदक्षता विभाग असलेलं. छोट्या दवाखान्यात वेळ घालवू नका.

कारण सांगतो, म्हणजे वाटेत शंका येणार नाही. मेफेड्रोन शरीरात फार टिकत नाही, त्याचं प्रमाण साधारण दोन तासांत निम्मं होतं. शनिवारी घेतलेल्या पुडीचा ताप मंगळवारी रात्री राहत नाही. म्हणजे त्याने त्यानंतरही घेतलंय, बहुधा आजही. या द्रव्याचा स्वभावच तो: नाकातून घेतलं तर काही मिनिटांत चढतं, तास-दीड तासात उतरू लागतं, आणि उतरताना पुन्हा घ्यायची ओढ इतकी जबर असते की पुडी संपेपर्यंत हात थांबत नाही. दुसरं, फ्लुओक्सेटिनचा संबंध आहे आणि मोठा आहे. मेफेड्रोन मेंदूतलं डोपामाइन, नॉरअ‍ॅड्रेनालिन आणि सेरोटोनिन तिन्ही बाहेर ढकलतं. फ्लुओक्सेटिन सेरोटोनिन परत शोषू देत नाही. शिवाय यकृतातलं ज्या एन्झाइमने मेफेड्रोन मोडतं, तेच एन्झाइम फ्लुओक्सेटिन अडवतं. सेरोटोनिन अती झालं की ताप, थरथर, जुलाब, ताठरपणा.

अँब्युलन्स येईपर्यंत एकच बघा: गुडघा थोडा वाकवून पाऊल झटकन वर ढकलून धरा. पाऊल आपोआप तालात उडत राहिलं तर ते फोनवरच सांगा. कपडे सैल करा, अंगावर पाण्याचा फवारा मारून पंखा सुरू ठेवा. बर्फ असेल तर कापडात बांधून काखेत आणि जांघेत. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही, त्याची वाट पाहू नका. झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका, झटापटीने ताप आणखी चढतो.

ॲड_काटेकोर (१०.१३)
पुडी हॉस्पिटलला नेऊ नका. तुमच्या पर्समध्ये असेल तर कायद्याने ताबा तुमचा. कॅज्युअल्टीत पावडर तपासायची सोयही नसते, उपचार लक्षणांवर होतात. रंग आणि खडे कसे दिसतात ते तोंडी सांगा, पुरे. पुडीचं पुढे काय करायचं ते उद्या वकिलाला प्रत्यक्ष विचारा, इथे लिहू नका.

रात्रपाळी (१०.१५)
आणि कॅमेऱ्यावरून वाद नको. 'कॅमेरा नाहीये' म्हटलं तर तुम्हीही कटात सामील ठरता. 'तुला धडधडतंय, ते तपासून येऊ' एवढंच. दिवा मंद, बोलायला एकच माणूस, दाराच्या वाटेत कुणी उभं राहायचं नाही. गॅलरीचं दार बंद करा. हातघाईवर आला किंवा पळू लागला तर ११२.

सह्याद्री७७ (१०.३१)
एमडी आणि एमडीएमए एकच ना? मग गोळी असते, पावडर कशी?

रसायन_कट्टा (१०.४४)
एक नाही. आपल्याकडे पोलिसांपासून कॉलेजपर्यंत सगळे एमडी म्हणतात ते मेफेड्रोन, म्याऊ-म्याऊही तेच. एमडीएमए वेगळं, चार-सहा तास चालतं. मेथ आणखी वेगळं, ते अंगातून निम्मं व्हायलाच दहा-बारा तास लागतात. डॉक्टरांना फरक सांगता आला तर उपयोग होतो, कारण किती वेळ लक्ष ठेवायचं ते त्यावर ठरतं.

मेफेड्रोन पहिल्यांदा १९२९ साली बनलं आणि विस्मरणात गेलं. २००० नंतर इंटरनेटवर पुन्हा वर आलं, ब्रिटनमध्ये झाडांचं खत म्हणून पाकिटावर छापून उघड विकलं जायचं. तिथे एप्रिल २०१० मध्ये बंदी आली. भारतात एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थ कायद्याच्या यादीत ते फेब्रुवारी २०१५ मध्ये आलं. तोवर आपल्याकडचं पोलीस खातं बघत राहण्यापलीकडे फारसं काही करू शकत नव्हतं.

सह्याद्री७७ (१०.५२)
आणि आता कुरकुंभच्या एमआयडीसीत कारखाने निघतायत. फेब्रुवारी २०२४ मध्ये पकडलं तेव्हा सगळे आठवडाभर बोलले. औषधांचे परवाने देणाऱ्यांना आधी आत टाका.

पुनर्वसु (११.०५)
विषय तो नाही. मुग्धाताई, पोचलात का?

म्हणून_सांगतो (११.२०)
माझ्या मुद्द्याला उत्तर नाही मिळालं. पोलीस?

ॲड_काटेकोर (११.४८)
देतो. हॉस्पिटल अशा केसची एमएलसी (मेडिको-लीगल केस) नोंदवू शकतं, म्हणजे पोलीस चौकीला कळवलं जाऊ शकतं. ते लपवण्यात अर्थ नाही. पण एमएलसी म्हणजे एफआयआर नव्हे.

एनडीपीएसमध्ये मेफेड्रोनचं अल्प प्रमाण २ ग्रॅमपर्यंत, व्यापारी प्रमाण ५० ग्रॅमपासून पुढे. अल्प प्रमाण जवळ सापडलं तर कलम २२ खाली एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. २ ते ५० च्या मध्ये दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. त्यावर किमान दहा वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन अतिशय कठीण. म्हणून 'मित्राची पुडी फक्त ठेवली होती' हे वाक्य मुलांना फार महाग पडतं. सगळ्या ग्रुपसाठी एकाने आणलं की वजन त्या एकाच्या नावावर लागतं.

कलम ६४अ मात्र वाचाच. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचार घ्यायला तयार असेल तर त्या आरोपातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर सूट काढून घेता येते. म्हणून पहिल्या दिवसापासूनचे केसपेपर जपा. फ्लॅट कुणाच्या नावावर आहे तेही बघा. जाणूनबुजून जागा वापरू देणाऱ्यावर कलम २५ लागतं, त्यात रूममेटही अडकतात.

मुग्धा_सांगलीकर (बुधवार, दुपारी २.२०)
ॲडमिट आहे. पाय तालात उडत होता, सांगितल्यावर त्यांनी लगेच आत घेतलं. लोराझेपामची इंजेक्शनं, सलाइन, ईसीजी. सोडियम १२९ म्हणजे कमी, सीपीके (स्नायू फुटल्याची खूण) वाढलंय, लघवी चहासारखी झाली होती, आता उतरतेय. ताप ९९. पहाटेपासून झोपलाय. फ्लुओक्सेटिन त्यांनी सध्या थांबवलंय. बाबा आलेत आणि म्हणतायत, परवा डिस्चार्ज मिळाला की थेट केंद्रात टाकू. कुणीतरी नंबर दिलाय, ते गाडी पाठवून घरातून घेऊन जातात. तीन महिने. योग्य आहे का? लवकर सांगा, ते आजच ॲडव्हान्स मागतायत.

पुनर्वसु (२.३५)
ॲडव्हान्स देऊ नका. त्यांना आधी हे विचारा: राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, क्रमांक काय? मानसोपचारतज्ज्ञ आठवड्यातून किती वेळा येतात? रात्री डॉक्टर कोण? घरच्यांना पहिल्या आठवड्यात भेटू देतात का? शेवटच्या प्रश्नाला 'नाही' आलं तर फोन ठेवा.

ॲड_काटेकोर (२.५०)
मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जशी जोडलेल्या मानसिक अवस्थाही येतात. त्याची तयारी नसताना दाखल करायचं तर कलम ८९: नामनिर्देशित प्रतिनिधीचा अर्ज, त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्र तपासणी केलेली असायला हवी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ. मुदत ३० दिवसांपर्यंत. मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला सात दिवसांत कळवावं लागतं. गाडी पाठवून उचलणं यातल्या कशातच बसत नाही. ते अपहरण ठरू शकतं आणि त्यात बाबांचं नाव येऊ शकतं.

दक्षिणायन (३.१५)
कायदे ठीक, पण माणूस स्वतःहून कधीच तयार होत नसतो. दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करा. मौन पाळलं की मन आपोआप सुटतं.

रात्रपाळी (४.०५)
दक्षिणायन, नुकताच भास आणि संशयातून बाहेर येणाऱ्या माणसाला दहा दिवस मौनात एकटं बसवणं धोक्याचं आहे. नंतर, डॉक्टरांशी बोलून, त्याला हवं असेल तर. आत्ता मुळीच नाही.

मुग्धाताई, एमडी सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी नाही. कुणी 'इंजेक्शनने सुटतं' म्हणालं तर समजा तो काहीतरी विकतोय. चालतं ते असं: ठरलेल्या दिवशी समुपदेशन, ओढ कधी उठते त्याची नोंद, लघवी स्वच्छ आली की आधीच कबूल केलेलं छोटं बक्षीस, घरच्यांचं वेगळं सत्र. निवासी उपचार हवेच असतील तर पुण्यात येरवड्याला मुक्तांगण आहे, १९८६ पासून. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागातही ओपीडी असते. पण तिथे तो स्वतःच्या पायांनी जायला हवा, आणि हे बोलणं डिस्चार्जच्या आधी, वॉर्डात, डॉक्टरांच्या समोर करा. धक्क्यातून नुकताच बाहेर आलेला असतो तेव्हा माणूस सर्वांत जास्त ऐकतो. घरी गेल्यावर तो काळ लवकर संपतो.

मुग्धा_सांगलीकर (४.२०)
बाबा म्हणतात आता झोपतोय, खातोय, म्हणजे बरा झाला. मग एवढं कशाला? आणि ते हेल्पलाइनचे नंबर नक्की कुठले? एकाने १९३३ दिला.

रात्रपाळी (४.४७)
१९३३ हा केंद्राच्या अमली पदार्थ विभागाचा, नाव 'मानस', त्यावर विक्रेत्याची माहिती देतात. सल्लाही मिळतो, पण तुमची सुरुवात तिथून नको. व्यसनमुक्तीसाठी १४४४६. मनाच्या तक्रारीसाठी टेली-मानस १४४१६, मराठीत बोलतात, रात्रीही. नावं सारखी असल्याने लोक गोंधळतात.

बाबांना हे वाचून दाखवा. पहिले दोन-तीन दिवस तो झोपेल आणि खाईल. त्यानंतरचा काळ खरा अवघड: कशातच मन लागत नाही, सगळं राखाडी वाटतं, स्वतःचाच तिटकारा येतो. मेंदूतला साठा रिकामा झालेला असतो, भरायला आठवडे लागतात. त्याला आधीपासून नैराश्य आहे आणि गोळीही थांबलेली आहे. फ्लुओक्सेटिन अंगात आठवडे रेंगाळतं म्हणून लगेच फरक दिसणार नाही, पण पुन्हा कधी आणि काय सुरू करायचं याची तारीख मानसोपचारतज्ज्ञाकडून लिहून घ्या. तोवर खोकल्याचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन किंवा दुखण्याचं ट्रॅमाडॉल कुणी दिलं तर नको म्हणा, दोन्ही सेरोटोनिनवरच काम करतात. जीव द्यायचे विचार येतात का, हे त्याला थेट विचारा. विचारल्याने विचार येत नाहीत. पहिले काही आठवडे घरातल्या गोळ्या कुलपात, रात्री खोलीत कुणीतरी.

संशय, कॅमेरा वगैरे झोप झाली की सहसा काही दिवसांत विरतं. महिन्यानंतरही राहिलं तर ते फक्त एमडीचं नाही असं धरून पुन्हा तपासायचं. गांजाही घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याने हे लांबतं.

रसायन_कट्टा (५.१०)
आणि फोनमधले विक्रेत्याचे नंबर काढून टाका. पगाराचा दिवस आणि शनिवार रात्र या दोन वेळा आधीच ठरवून भरा. महिनाभर सोडून पुन्हा घेतलं तर शरीराची सवय उतरलेली असते, आधीचंच प्रमाण जड पडतं. नाकातून आठवडाभर रक्त किंवा खपल्या येत राहिल्या तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पडदा तपासून घ्या.

मुग्धा_सांगलीकर (सायं. ६.३२)
त्याच्याशी वॉर्डात बोललो. सोमवारी आणि आज सकाळी... म्हणजे काल सकाळीही घेतलं होतं, कबूल केलं. मुक्तांगणला जाऊन बघायला तयार आहे, राहायचं ते नंतर ठरवू म्हणतो. गाडीवाल्यांना नाही सांगितलं. शेवटचं विचारते, मेडिक्लेममध्ये हे बसेल का? कॅशलेसचा फॉर्म आत्ता भरायचा आहे.

पॉलिसी_पंत (६.५८)
बहुतेक पॉलिसीत अपवाद क्रमांक १२ असतो: दारू, अमली पदार्थ किंवा व्यसन आणि त्याचे परिणाम यांवरचा उपचार वगळलेला. त्यामुळे कॅशलेस नाकारलं जाण्याची शक्यता मोठी. फॉर्मवर 'व्हायरल ताप' लिहायचा मोह होतो, लिहू नका. केसपेपरवर मेफेड्रोन आहे, टीपीए (कंपनीसाठी दावे तपासणारा) ते मागवतोच, आणि माहिती लपवल्याचं कारण देऊन कंपनी पॉलिसी रद्द करू शकते. मग आईबाबांचंही कव्हर जाईल, फ्लोटर (सगळ्या घराची एकच पॉलिसी) असेल तर. बिल विभागात जाऊन आजपर्यंतचा तपशील मागा आणि सामाजिक कार्यकर्त्यांना भेटा. धर्मादाय रुग्णालय असेल तर गरीब आणि दुर्बल घटकांसाठी राखीव खाटा असतात. उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड बाबांना आजच सांगलीहून फोटो काढून मागवायला सांगा.